मुंबईचा प्राणिविषयक संग्रह : नमुना आणि चिठ्ठी

मुंबईतील प्राणिविषयक संग्रहाचे मूळ १८८३ साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’त आहे. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. पुढील वर्षी फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने संस्थेस आपल्या जागेत आश्रय दिला. शास्त्राला असा शेजार क्वचितच लाभतो! १९११ साली आरंभिलेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीने संग्रहात हजारो नमुन्यांची भर पडली.

संस्थेच्या साहाय्याने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्गविज्ञान विभाग उभा राहिला. तेथे प्राणी सजीवासारखे मांडलेले दिसतात. अभ्यासाचे नमुने मात्र सोसायटीच्या हॉर्नबिल हाऊसमधील कपाटांत असतात. पक्ष्याचे कातडे कापूस भरून आडवे ठेवलेले असते व पायाला चिठ्ठी बांधलेली असते. तीवर स्थळ, दिनांक, लिंग व संग्राहकाचे नाव असते. चिठ्ठी हरवली की उरते ती केवळ शोभेची वस्तू. ऋतू, वय व प्रदेश यांनुसार रंग व मापे बदलतात, म्हणून एकाच जातीचे अनेक नमुने राखावे लागतात.

कल्याणनजीकच्या विठ्ठलवाडीत आज दाट वस्ती आहे. नागरीकरणापूर्वी तेथे कोणते पक्षी होते, असा प्रश्न उपस्थित झाल्यास त्या परिसरातून त्या काळी घेतलेला व चिठ्ठीसह जपलेला नमुनाच पुन्हा तपासता येतो. आठवणींना मापपट्टी लावता येत नाही.