वाटाड्यावाचूनचा प्रवासी

आपल्यापैकी कित्येक घराण्यांचे पूर्वज उपजीविकेसाठी मारवाड-गुजरातेतून महाराष्ट्रात आले. त्यांच्यापुढे आधी गेलेला कोणी भाऊबंद असे, मुक्कामाला ओळखीची पेढी असे. निसर्गात मात्र असा एक प्रवासी आहे, की ज्याला ना वाटाड्या, ना पेढी. ‘अ‍ॅकेरोन्शिया अ‍ॅट्रोपॉस’ हे त्याचे शास्त्रीय नाव. वेगवान उड्डाणासाठी प्रसिद्ध असलेल्या हॉक मॉथ, अर्थात ससाणा-पतंगांच्या कुळातील हा एक निशाचर पतंग होय. पंख पसरले असता तो ९ ते १३ सेंटिमीटर भरतो.

त्याच्या पाठीवर मानवी कवटीसारखी पिवळसर खूण असते. यामुळे युरोपात त्याला दीर्घकाळ मृत्यूचा दूत मानले गेले. लिनियसने १७५८ मध्ये त्याचे नामकरण करताना आयुष्याचा धागा कापणाऱ्या ग्रीक देवतेचेच नाव निवडले. हाती धरले असता तो उंदरासारखा चिरकतो, त्यामुळे भीतीत भरच पडली. वस्तुतः घशातून हवा आतबाहेर केल्याने तो आवाज निघतो. अपशकुनाशी त्याचा काहीही संबंध नाही.

याची अळी बटाट्याच्या व तत्सम झाडांच्या पानांवर वाढते. तिच्या शेपटीवर एक वाकडे शिंग असते. पूर्ण वाढ झाल्यावर ती जमिनीत शिरून कोश करते. कोशातून निघालेला पतंग मधाचा लोभी असतो. तो रात्री मधमाश्यांच्या पोळ्यात शिरतो आणि आखूड, बळकट सोंडेने मध शोषून घेतो. त्याच्या अंगाचा गंध मधमाश्यांशी मिळताजुळता असल्याने पहारेकरी सहसा फसतात.

हा पतंग मूळचा उष्ण प्रदेशातला. वसंत ऋतूत आफ्रिकेकडून भूमध्य समुद्र ओलांडून तो युरोपात येतो व तेथे अंडी घालतो. आल्प्सपलीकडचा हिवाळा या जातीला सोसत नाही, म्हणून शरद ऋतूत दक्षिणेकडे परतावे लागते. पण जो गेला तो परतत नाही, परतते ती त्याची संतती. तिने ती वाट कधी पाहिलेली नसते आणि दाखवणाराही कोणी उरलेला नसतो.

जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या कोड्याचा मागोवा घेतला. त्यांनी अळीपासून वाढवलेल्या १४ पतंगांना प्रत्येकी सुमारे ०.२ ग्रॅम वजनाचे रेडिओ-प्रेषक बसवले आणि छोट्या विमानातून रात्री त्यांचा पाठलाग केला. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ८० किलोमीटरपर्यंत हे पतंग जवळजवळ सरळ रेषेत उडाले. वारा अनुकूल असता ते उंच जात, प्रतिकूल असता जमिनीलगत उतरत व वेग वाढवीत, परंतु दिशा सोडत नसत. अर्थात, वारा नेईल तिकडे जाणारा हा जीव नव्हे.

याचे जवळचे भाईबंद आपल्याकडेही आहेत. तिळाच्या पिकावर शेपटीला शिंग असलेली लठ्ठ अळी दिसते, ती बहुधा त्यांपैकीच एकाची. पावसाळ्यात असा एखादा पतंग दुकानातील दिव्यावर येऊन आदळला आणि त्याच्या पाठीवर कवटी दिसली, तर त्याला झाडूने मारू नये. दिवा क्षणभर मालवावा, खिडकी उघडावी. तो आपल्या कामाला निघून जाईल.