आगबोटीवरून खग्रास ग्रहण

ग्रहणाचे वेळीं घराबाहेर पाऊल टाकूं नये व कलियुगांत समुद्रयान करूं नये, हे दोन्ही निषेध ज्याच्या कानीं लहानपणापासून पडले, त्यानेंच ग्रहण पाहण्यासाठीं समुद्रावर जाणारांची तरफदारी करावी, हें कांहीं वाचकांस विपरीत वाटेल. परंतु त्यास माझ्या पदरीं आलेल्या दोन निराशा कारण आहेत.

ता. १६ फेब्रुवारी १९८० रोजीं खग्रास ग्रहणाचा पट्टा कानडी किनाऱ्यावरील अंकोल्यावरून गेला. आमच्या गांवाहून एका रात्रीचा मोटारप्रवास. पण आजी जपमाळ घेऊन दारांतच बसली. वीस वर्षांच्या मला तिची आज्ञा मोडवली नाहीं. मिटलेल्या खिडकीच्या फटींतून भिंतीवर पडलेली सूर्याची कोर तेवढी पाहिली.

पुढें २२ जुलै २००९ रोजीं सुरतेस गेलों. ऐन पावसाळा! तीन मिनिटें अंधार पडला, पांखरें गप्प झालीं, पण मेघांआडचा सूर्य कांहीं दिसला नाहीं. त्याच दिवशीं तीच छाया प्रशांत महासागरांत इवो जिमा बेटाजवळ पोंचली, तेव्हां एका सफरीच्या आगबोटीवरील लोकांनीं साडेसहा मिनिटांहून अधिक काळ प्रभामंडल डोळे भरून पाहिलें. हें वाचून मला जो मत्सर वाटला तो येथें कबूल करतों.

चंद्र सूर्यास झांकतो हें आर्यभटानें इ.स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेविलें. पण ढगांवर त्याचाही इलाज नव्हता. आगबोटीचा आहे. ती तासाला ३७ किलोमीटर गेली तरी बारा तासांत चारशेंहून अधिक किलोमीटर सरकते, आणि कप्तान हवामानाचीं वृत्तें पाहून निरभ्र जागीं तिला आधींच नेऊन ठेवतो. छायेचा पाठलाग मात्र तिला साधत नाहीं. छाया तासाला हजारों किलोमीटर धांवते. शिवाय एका स्थळीं खग्रास ग्रहण सरासरीनें पावणेचारशें वर्षांनीं एकदां येतें, आणि पृथ्वीचा बहुतेक पृष्ठभाग जलमय. म्हणजे छाया बहुधा पाण्यावरच पडावयाची.

इ.स. १९७२ मध्यें 'ऑलिंपिया' न्यूयॉर्कहून याच हेतूनें निघाली. पुढील वर्षीं 'कॅनबेरा' आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापाशीं गेली, तींत नील आर्मस्ट्राँग व लेखक आयझॅक असिमोव्ह होते. डोलत्या बोटीवर मोठी दुर्बीण निरुपयोगी. हातांतली द्विनेत्रीच बरी, आणि तीही सूर्य पूर्ण झांकला जाईपर्यंत गाळणीवांचून लावूं नये.

ता. २ ऑगस्ट २०२७ चें ग्रहण जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरून ईजिप्तमध्यें जाणारें आहे. घरांत विषय काढला. मोक्षस्नानाचें काय, असें सौभाग्यवतीनें विचारलें. ग्रहणांत समुद्रस्नानाचें पुण्य मोठें, असें मीं सांगतांच तिनें बोटीचें भाडें विचारलें.