यवतमाळच्या पावसाचा खंड मोजायचाय? 'आर' उघडा

'यंदा पावसाने सरासरी गाठली' या बातमीवर पऱ्हाटीवाल्याचा विश्वास बसत नाही, आणि त्याचं बरोबर असतं. दोन दिवस धो-धो कोसळून पुढे तीन आठवडे दांडी मारली, तरी बेरीज तीच येते!

म्हणून बेरीज सोडा, खंड मोजा. हवामान विभागाचं पुणे कार्यालय १९०१पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत फुकट देतं. एक चौकट साधारण २७ किलोमीटरची. पायथॉनचं 'आयएमडीलिब' हे पॅकेज वापरून यवतमाळजवळच्या (२०.४ उत्तर, ७८.१ पूर्व) चौकटीची सीएसव्ही फाइल काढा.

आता 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा. २.५ मिमी किंवा जास्त, तो पावसाळी दिवस. ही व्याख्या खात्याचीच. बाकीचे कोरडे. 'आरएलई' हे छोटंसं फंक्शन सलग सारख्या नोंदींची लांबी मोजतं. माझ्या मते 'आर'मधलं सगळ्यात दुर्लक्षित रत्न! जुलै-ऑगस्टमधला दर वर्षीचा सर्वांत लांब कोरडा तुकडा घ्या आणि 'जीजीप्लॉट' या आलेखांच्या पॅकेजमध्ये वर्षानुसार ठिपके मांडा.

उणे ९९९ दिसलं तर ती नोंद नाही असं समजा, आधी गाळा. तारखेचा पाऊस म्हणजे त्या दिवशी सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा. आणि चौकटीत आकडे सपाट होतात, ढगफुटी बोथट दिसते. जिल्ह्यातलं वणी की उमरखेड असा फरक हवा असेल तर राज्य सरकारच्या 'महारेन' संकेतस्थळावरचे महसूल मंडळनिहाय आकडे बघा.