त्याग आणि हक्कसोड

संतांची चरित्रे वाचताना आमच्या समाजास एक सवय जडली आहे. संत पुरुष असला म्हणजे त्याने काय शिकविले, हे आपण विचारतो. आणि संत स्त्री असली म्हणजे तिने काय सोसले, एवढेच विचारून डोळे पुसतो. या सवयीमुळे स्त्रीच्या वैराग्यामागे असलेले कर्तृत्व झाकले जाते व तिच्या नावाने घरोघर सोशिकपणाचाच काय तो पुरस्कार होतो. इटलीतील असीसी नगराच्या संत क्लारेचे चरित्र वाचल्यास ही समजूत किती पोकळ आहे ते कळून येईल. परधर्मातील साध्वी म्हणून तिच्याकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही. ज्या वर्धा जिल्ह्यात सर्वधर्मप्रार्थनेचे स्वर घुमले, तेथे तर मुळीच नाही.

क्लारा इ. स. ११९४ साली एका सरदार घराण्यात जन्मली. विवाहाची बोलणी तिने नाकारली, आणि वयाच्या अठराव्या वर्षी, १२१२ साली, झावळ्यांच्या रविवारच्या रात्री ती घर सोडून संत फ्रान्सिसकडे गेली. त्याने तिचे केस कापून तिला दीक्षा दिली. आप्तेष्ट तिला ओढून नेण्यास धावून आले, तेव्हा वेदीवरचे वस्त्र घट्ट धरून तिने आपले मुंडित मस्तक त्यांस दाखविले. पुढे तिची बहीण आग्नेस व खुद्द तिची आई याही तिच्याच वाटेने आल्या. सान दामियानो येथील लहानशा मठात तिने चाळीस वर्षे काढली. त्यांपैकी सुमारे अठ्ठावीस वर्षे ती आजारी होती; तरी अंथरुणावर पाठीस टेका देवविून ती बसे आणि सूत कातून आसपासच्या देवळांसाठी वस्त्रे तयार करवी. चरख्याच्या या जिल्ह्यातील वाचकांस त्या चित्राचा अर्थ आम्ही सांगावयास नको.

तथापि आमच्या मते तिचे खरे मोठेपण यापुढेच आहे. त्या काळी स्त्रियांच्या मठांस पुरुषांनी लिहिलेले नियम लावीत, आणि मठाच्या निर्वाहासाठी जमीनजुमला असलाच पाहिजे, असा धर्माधिकाऱ्यांचा आग्रह असे. क्लारेने मालमत्ता न बाळगण्याचा हक्क मागितला. पोप नववा ग्रेगरी तिला व्रतातून मोकळे करण्यास तयार होता. तिने ती सवलत नाकारली, आणि १२२८ साली त्याच पोपकडून, मठावर मालमत्ता घेण्याची सक्ती कोणी करू नये, अशी सनद मिळविली. शेवटी तिने मठाची नियमावली स्वतः लिहिली. चौथ्या इनोसंट पोपने तीस ९ ऑगस्ट १२५३ रोजी मान्यता दिली, आणि ११ ऑगस्टला क्लारेने देह ठेवला. स्त्रीने स्त्रियांसाठी लिहून पोपची संमती मिळविलेली ही पहिलीच नियमावली होय.

ती नियमावली वकिलाच्या नजरेने वाचण्याजोगी आहे. मठाची प्रमुख भगिनींनी निवडावी. आठवड्यातून एकदा सर्वांस एकत्र बोलावून मठाच्या हिताचा विचार करावा, आणि त्यात सर्वांत धाकटीचेही मत घ्यावे. सर्वांच्या संमतीवाचून व उघड गरजेवाचून मोठे कर्ज काढू नये. पेढी चालविणाऱ्या आमच्या वाचकांनी हे शेवटचे कलम विशेष ध्यानात घ्यावे. आणखी एक कलम याहूनही महत्त्वाचे आहे. नव्याने येणाऱ्या स्त्रीने आपली मालमत्ता विकून गरिबांस द्यावी. मात्र ती कोणास व कशी द्यावी यात मठातील कोणीही लुडबुड करू नये, तिला तिच्या बुद्धीप्रमाणे करू द्यावे. क्लारेने स्वतः आपल्या वारशाचा वाटा विकूनच गरिबांस वाटला होता. म्हणजे तिच्याजवळ वाटा होता, त्याची तिला माहिती होती, आणि तो देण्याचा निर्णय तिचा होता. या तीन गोष्टी होत्या म्हणूनच त्या देण्यास त्याग हे नाव शोभते.

आमच्याकडे ही परंपरा नव्हती असे नव्हे. क्लारेच्याच शतकात श्रीचक्रधरांनी स्त्रियांस संन्यासाचा अधिकार दिला, आणि धवळे रचणारी महदाइसा त्याच पंथात मान्यता पावली. तिच्या पंथाचे रिद्धपूर आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच आहे. आमच्या जिल्ह्यात धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. स्त्रियांनी ब्रह्मचर्याने सामूहिक साधना करावी, स्वतःच्या श्रमांवर राहावे, आणि निर्णय सर्वसंमतीने घ्यावे, ही त्यामागील कल्पना. पवनारचा आश्रम क्लारेवरून घेतला असे आम्ही म्हणत नाही. परंतु सात शतकांच्या अंतराने दोन निराळ्या धर्मांच्या माणसांस एकच व्यवस्था सुचावी, यावरून त्या व्यवस्थेमागील तत्त्व किती खोल आहे ते दिसते.

आता आमच्या घरांत काय चालते ते पाहा. १९३७ च्या कायद्याने विधवेस केवळ हयातीपुरता हक्क दिला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीस पूर्ण स्वामित्व दिले. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद केले, परंतु आधी विवाह झालेल्या मुली वगळल्या. २००५ साली देशभर ती सुधारणा होऊन ही अटही गेली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने उरलेली शंका दूर केली. कायद्याने दार उघडले, तोच आम्ही मागल्या दाराने हक्कसोडपत्र आणले! वडील वारले की बहिणीस बोलावणे जाते. सातबारा तिने पाहिलेला नसतो, घराची किंमत तिला ठाऊक नसते. सही कोठे करावयाची तेवढे बोट ठेवून दाखवितात. आणि मग चारचौघांत म्हणतात, आमच्या ताईचे मन मोठे!

कोणी म्हणेल, बहीण आपखुशीने देते, त्यात तुमचे काय गेले? आपखुशीने देत असेल तर तिला आमचा नमस्कार असो. परंतु वाटा मागितला तर भाऊबिजेचे ताट मिळणार नाही, माहेर तुटेल, या भीतीने केलेली सही आपखुशीची कशी? अनुचित दडपणाने घेतलेली संमती १८७२ चा करार कायदाही रद्द करण्यास पात्र मानतो. दुसरा कोणी म्हणेल, लग्नात हुंडा दिला, त्यातच तिचा वाटा फिटला. १९६१ पासून जो गुन्हा आहे, तोच जमेस धरून वारसा फेडण्याचा हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

व्यापारी वाचकांस आमचा एकच प्रश्न आहे. पेढीतून भागीदार निघतो, तेव्हा खातेवह्या पाहिल्यावाचून, येणे-देणे तपासल्यावाचून तो फारखतीवर सही करतो काय? मग जी सावधगिरी भागीदारास, तीच बहिणीस का नसावी? मिळकतीचे सर्व उतारे तिला आधी द्यावे. विचारास महिना दोन महिने मुदत द्यावी. भावाच्या वकिलावाचून दुसऱ्या वकिलाचा सल्ला तिला घेऊ द्यावा. आणि दस्त नोंदविताना दुय्यम निबंधकाने तिला एकटीस विचारण्याची पद्धत पाडावी. एवढे करूनही तिने वाटा सोडला, तर तो खरोखर तिचा त्याग होईल.

वर्धा नगरीस हे अवघड नाही. जमनालालजी बजाज या व्यापाऱ्यानेच १९२८ साली येथील लक्ष्मीनारायण मंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडली, तेव्हाही धर्म बुडेल असे म्हणणारे होतेच. धर्म बुडाला नाही. बहिणीस तिचा वाटा समजावून दिल्याने घरेही बुडणार नाहीत. ज्या घरी यंदा वाटणी व्हावयाची आहे, त्या घरच्या कर्त्या पुरुषाने सातबाऱ्याची प्रत प्रथम बहिणीच्या हाती द्यावी, अशी आमची त्यास आग्रहाची विनंती आहे.