डेलियाचे पंचांग

हिवाळ्यातील बागेला थाटाची शोभा आणणारी जी मोजकी फुले आहेत, त्यांत डेलियाचे स्थान फार वरचे आहे. गुलाबासारखा सुगंध त्याच्यापाशी नाही, मोगऱ्यासारखी देवपूजेतील परंपराही नाही. तरीपण ताटलीएवढ्या आकाराचे, पाकळ्यांची चक्राकार रचना असलेले त्याचे फूल पाहिल्यावर रस्त्याने जाणाऱ्याचे पाऊल क्षणभर थबकल्यावाचून राहत नाही. अशा या फुलाची हौस पुष्कळांना असते. पण ज्या बागेत तो यंदा फुलला, त्याच बागेत तो पुढील वर्षीही दिसेल याची खात्री मात्र थोड्यांनाच देता येते. दरवर्षी कंद विकत आणावे, ते फुलावेत अथवा कुजावेत आणि पुन्हा रोपवाटिकेची वाट धरावी, असा बहुतेकांचा क्रम असतो. या अपयशाचे कारण हौसेच्या उणिवेत नसून पंचांगाच्या चुकीत आहे, असे मला वाटते. तेव्हा डेलिया केव्हा लावावा आणि कसा लावावा, याचा विचार आज आपण भिलाईची भूमी डोळ्यांपुढे ठेवून करू.

भिलाईच निवडण्याचे कारण असे की, या नगरीत अनेक प्रांतांतील माणसे आपापल्या सवयी घेऊन वस्तीला आली. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार होऊन पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर वसाहत उभी राहिली आणि वसाहतीबरोबर घरापुढील बागा आल्या. पुढे 1972 साली भारत व सोव्हिएत संघ यांच्या स्नेहाचे प्रतीक म्हणून येथे मैत्रीबाग उभारण्यात आली आणि तेथे पुष्पप्रदर्शनेही भरत आली. परंतु दार्जिलिंगच्या थंडीत अथवा पुण्याच्या सौम्य हवेत बागकाम शिकलेल्या माणसाला या मातीत आपले ज्ञान नव्याने तपासून घ्यावे लागते. डेलियाच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे.

हे फूल मूळचे मेक्सिकोच्या डोंगराळ प्रदेशातले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते माद्रिदच्या वनस्पती उद्यानात पोहोचले आणि तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिलेस यांनी 1791 साली, लिनियसचे स्वीडिश शिष्य आंदेर्स दाल यांच्या स्मरणार्थ, त्याचे नामकरण केले. पुढे एका जर्मन पंडिताने सेंट पीटर्सबर्ग येथील निसर्गशास्त्रज्ञ गेओर्गी यांच्या नावावरून त्याला दुसरे नाव दिले. शास्त्राने पहिलेच नाव मान्य केले; रशियन भाषेने मात्र दुसरे नाव आजतागायत सोडलेले नाही. म्हणून भिलाईस आलेल्या रशियन तंत्रज्ञांच्या तोंडी या फुलाचे नाव डेलिया नव्हे, तर ‘गिओर्गीन’ होते.

मेक्सिकोच्या या उंच प्रदेशात हवा थंड, ऊन स्वच्छ आणि जमीन निचऱ्याची. डेलियाच्या साऱ्या आवडीनिवडी या मायभूमीने घडविलेल्या आहेत. युरोपात गेल्यावर त्याला एकच मोठा शत्रू भेटला, तो म्हणजे बर्फाळ हिवाळा. म्हणून इंग्रजी पुस्तके सांगतात की, हिमाचे भय संपले की वसंतात कंद लावावा, त्याची फुले ग्रीष्माच्या उत्तरार्धात घ्यावीत आणि शरदात कंद काढून ठेवावा. सिमल्यासारख्या ठिकाणी हा सल्ला योग्यच आहे. भिलाईत तो अक्षरशः पाळला तर मार्चमध्ये लावलेल्या रोपाची गाठ मे महिन्याच्या चाळीस अंशांपलीकडील उन्हाशी पडते आणि त्यातून ते वाचलेच, तर आषाढातील पाण्याने त्याचे कंद कुजतात. आपल्या मैदानी प्रदेशात डेलियाचे वैरी थंडीत नाहीत. ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आहेत. म्हणून युरोपात जो कंद हिवाळाभर निजवून ठेवायचा, तो येथे एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत निजवून ठेवावयाचा असतो. एवढी एक गोष्ट ध्यानात आली की बाकीचे पंचांग आपोआप उलगडते.

मग लागवडीचा मुहूर्त कोणता? सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाऊस छत्तीसगडातून काढता पाय घेतो. साधारणतः नवरात्रात घट बसतात तेव्हापासून दिवाळीपर्यंतचा काळ भिलाईत डेलिया जमिनीत लावण्यास उत्तम. त्याआधी वाफ्यात पाणी साचण्याचे भय असते. त्यानंतर फार उशीर केला तर वेगळीच अडचण येते. जूनमध्ये तेरा तासांहून मोठा असणारा दिवस डिसेंबरच्या उत्तरार्धात अकरा तासांहून लहान होतो आणि दिवस लहान झाला की डेलियाची शक्ती वाढीकडून कंद भरण्याकडे वळते. डिसेंबरात लावलेले रोप म्हणून खुरटेच राहते व त्याला फुलेही लहान येतात. वेळेवर लावलेले रोप मात्र या काळापूर्वीच अंगाने भरते आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फुलत राहते. नागपूर, रायपूर व विदर्भातील बहुतेक गावांना हेच पंचांग लागू पडेल. पुणे-नाशिककडे हवा सौम्य असल्याने थोडे मागेपुढे चालते. कोकणात मात्र दमटपणामुळे कुंडीतील लागवडच अधिक सुरक्षित.

आता जमिनीविषयी. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या मातीला चार नावांनी ओळखतो : मुरमाड, तांबूस ती भाटा, पिवळसर, हलकी ती मटासी, मध्यम ती डोरसा, आणि काळी, चिकण ती कन्हार. धानाला जी जमीन पाणी धरून ठेवते म्हणून प्रिय, तीच डेलियाला घातक. कन्हारीत डेलिया लावावयाचा असेल तर वीतभर उंचीचे वाफे करून त्यांत वाळू व पालापाचोळ्याचे खत सढळ हाताने मिसळावे. भाटा जमिनीत निचरा असतो पण कस नसतो. तेथे फूटभर खोल खड्डा घेऊन मुरूम बाहेर काढावा आणि चांगली माती व कुजलेले शेणखत भरावे. मटासीला केवळ खताची जोड पुरते. खड्ड्यात मूठभर हाडांचा चुरा व तितकीच निंबोळी पेंड घालावी. ताजे शेण मात्र कधीही घालू नये. जागा अशी हवी की निदान सहा तास ऊन मिळेल आणि पश्चिमेच्या वाऱ्याला काही आडोसा असेल.

डेलियाची अभिवृद्धी तीन प्रकारे होते : बियांपासून, कंदापासून आणि छाटांपासून. बियांपासून आलेले रोप मातेसारखे निघत नाही. माणसाच्या अथवा बहुतेक वनस्पतींच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, तर बागेतील डेलियात आठ. त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवी सोडत. रंगीबेरंगी, एकेरी, बुटक्या डेलियांचा ताटवा हवा असेल तर सप्टेंबरात बी पेरावे. आवडता वाण जसाच्या तसा हवा असेल तर कंद अथवा छाट यांवाचून गत्यंतर नाही.

कंदाच्या बाबतीत एक गैरसमज दूर केला पाहिजे. बटाट्याच्या अंगभर डोळे असतात, म्हणून त्याचा कुठलाही तुकडा उगवतो. डेलियाचे डोळे कंदावर नसतात. ते खोडाच्या बुडाशी, कंदाची मान जेथे जोडलेली असते तेथेच असतात. म्हणून कंद वेगळे करताना प्रत्येकाबरोबर त्या बुडाचा डोळा असलेला तुकडा यावा लागतो. मान मोडलेला कंद दिसायला कितीही गुबगुबीत असला, तरी तो उगवत नाही. कंद आडवा ठेवून, डोळा वर करून, चार इंच खोल लावावा. आधाराची काठी आधी रोवावी व मग कंद ठेवावा; नंतर ठोकलेली काठी कंदातून आरपार जाते. कोंब वर येईपर्यंत पाणी अगदी बेताने द्यावे.

भिलाईसारख्या हवेत खरे फलदायी साधन मात्र छाट हेच आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धात जपून ठेवलेले कंद छपराखाली, ओलसर वाळूत अर्धवट पुरून ठेवावेत. कोंब तीन-चार इंचांचे झाले की पेराखाली धारदार पात्याने कापून, खालची पाने काढून, स्वच्छ वाळूत लावावेत. सावली व ओलावा मिळाला तर दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. एका कंदापासून अशी अनेक रोपे होतात आणि ती बरोबर लागवडीच्या मुहूर्तावर तयार असतात. मोठ्या फुलांच्या रोपांत अडीच-तीन फुटांचे, लहान फुलांच्या रोपांत दीड फुटाचे अंतर ठेवावे. कुंडी घ्यावयाची तर दहा ते बारा इंचांची घ्यावी.

लहान फुलांच्या जातीत पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडावा. म्हणजे बगलफुटी येऊन झुडूप भरदार होते. प्रदर्शनाजोगे प्रचंड फूल हवे असेल तर याच्या उलट एकच खोड ठेवून बगलफुटी काढीत जावे आणि शेंड्याच्या तीन कळ्यांपैकी मधली राखून बाजूच्या दोन खुडाव्यात. कळी दिसू लागल्यावर भिजवून आंबवलेल्या पेंडीचे पाणी, चहाच्या रंगाइतके पातळ करून, आठवड्यातून एकदा द्यावे. अधिक खताने पानेच माजतात. मावा व लाल कोळी दिसल्यास निंबोळी अर्क, भुरी आल्यास गंधक उपयोगी पडते. पण पाने चट्ट्यापट्ट्यांची होऊन रोप आखडले, तर तो विषाणूचा रोग समजावा. असे रोप कंदासकट नष्ट करणे हाच उपाय, कारण त्याचा कंद रोग पुढील वर्षी घेऊन येतो.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा, पण सर्वांत दुर्लक्षित भाग. फेब्रुवारी सरला की माणसांचे लक्ष आंब्याच्या मोहोराकडे जाते आणि सुकत चाललेला डेलिया वाफ्यातच राहतो. येथेच पुढील वर्षाचा निर्णय होऊन जातो. पाने पिवळी पडू लागताच पाणी तोडावे. खोड वीतभर ठेवून कापावे, एप्रिलच्या आरंभी कंदांचा घड इजा न करता उपटावा आणि पोकळ खोडातील पाणी निथळावे म्हणून तो काही दिवस सावलीत उलटा ठेवावा. मग नावाची पट्टी बांधून, मातीच्या कुंडीत कोरड्या वाळूत पुरून, घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावा. महिन्यातून एकदा पाहणी करावी : कुजलेला भाग कापून टाकावा, आणि मे महिन्यात कंद सुरकुतू लागले तर वाळूवर पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. पावसाळ्यात मात्र ओल मुळीच लागू देऊ नये. आणखी एक युक्ती अनुभवी बागवान करतात. प्रत्येक वाणाचे एक रोप ते लहान कुंडीतच वाढवतात. त्याला फूल नावापुरतेच येते. पण त्याचे लहान, घट्ट कंद मोठ्या कंदांहून अधिक चांगले टिकतात.

श्रोतेहो, ‘तातडीचे’ असा शेरा मारल्याने कचेरीतील कागद कदाचित हलत असेल. कंद हलत नाही. त्याची निद्रा त्याच्या गतीने पुरी व्हावी लागते. म्हणून डेलिया केव्हा लावावा, या प्रश्नाचे पुरे उत्तर ‘ऑक्टोबरात’ एवढेच नाही. त्याची सुरुवात एप्रिलात कंद राखण्यापासून होते. भिलाईसारख्या गावी घराचे रहिवासी बदलतात, निवृत्तीनंतर अंगण सोडावे लागते. वाफा बरोबर नेता येत नाही. कंद नेता येतो, आणि त्याहून चांगले म्हणजे त्याची एक छाट शेजाऱ्याच्या कुंडीत ठेवून जाता येते. छाटेने वाढणारा वाण असाच हातोहात टिकतो. एकाच घरी राहिलेला वाण एखाद्या कडक उन्हाळ्यात नाहीसा होतो. चार घरी गेलेला सहसा होत नाही. या एप्रिलमध्ये आपल्या अंगणातील सर्वांत चांगल्या डेलियाचा एक कंद स्वतःसाठी ठेवा, आणि ऑगस्टात त्याची छाट मागणाऱ्याला नाही म्हणू नका.