ठोकळ्यांच्या खेळातील स्वयंचलित शेती

माइनक्राफ्ट हा खेळ २०११ साली स्वीडनमधून पूर्ण स्वरूपात बाहेर पडला. त्यातील सारी सृष्टी चौकोनी ठोकळ्यांची. आपल्या जिल्ह्यातील मुलेही आता मोबाइलवर तो खेळतात आणि त्यात शेतीही करतात. ही शेती पोरखेळ म्हणून सोडून देण्याजोगी मात्र नाही. तिच्यामागे पक्के गणित आहे.

पाण्यापासूनच आरंभ करू. पाण्याचे एक घर चारही बाजूंना चार-चार घरांपर्यंतची जमीन ओली ठेवते. म्हणजे नऊ बाय नऊच्या चौरसात मध्यभागी पाणी ठेवले की ८० घरे भिजतात. सारे पीक एकच असेल आणि जमीन कोरडी असेल, तर गव्हाला पुढची अवस्था गाठण्याची संधी दर खेपेस तेरात एक. तीच जमीन ओली केली तर सहात एक. आणि ओल्या रानात एक ओळ गव्हाची, एक गाजराची अशी आलटून-पालटून लावली तर तीनात एक! ही खेप सरासरी ६८ सेकंदांनी येते व अवस्था सात ओलांडायच्या असतात, म्हणून मिश्र ओळींतील गहू साधारण २४ मिनिटांत पिकतो.

येथे परभणीकरास आपल्या रानातील आंतरपीक आठवल्यावाचून राहणार नाही. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन, ही पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. पण कारण निराळे. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघते, तूर खोल मुळांच्या बळावर पुढे उभी राहते. पावसाने एकाला दगा दिला तरी दुसरे हाती लागते. खेळातील ओळी केवळ वेग वाढवितात, धोका वाटून घेत नाहीत. तेथे धोकाच नाही!

उसाचे यंत्र सर्वांत देखणे. ऊस तीन ठोकळे उंच होतो. तिसऱ्या ठोकळ्यासमोर ऑब्झर्व्हर नावाचा पहारेकरी आणि दुसऱ्यासमोर पिस्टन बसवितात. ऊस पुरता वाढला की पहारेकरी रेडस्टोनच्या तारेतून इशारा देतो, पिस्टन पुढे सरकतो आणि वरचे दोन तुकडे खाली पडतात. बुडखा राहतो, तो पुन्हा फुटतो; हा आपला खोडवाच म्हणा ना! जमिनीखालून रुळांवर धावणारी हॉपरची गाडी तुकडे गोळा करते. उसाला शेजारी पाणी लागते, पण तीन घरांच्या चराच्या दोन्ही टोकांना एकेक बादली ओतली की मधले घर कितीही उपसले तरी आटत नाही. जायकवाडीच्या २०८ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याच्या शेवटी पाणीपाळीची वाट पाहणाऱ्याला हा भाग सांगू नये हे बरे.

गव्हाचे तसे नाही. पाण्याचा लोट सोडला की पीक वाहून पेटीत येते, परंतु पेरणी उरतेच. म्हणून ‘शेतकरी’ गावकरी कोंडून ठेवतात. त्याच्या झोळीचे आठही कप्पे बियाण्याने भरले की तो कापतो, पेरतो. गहू मात्र त्याच्या झोळीत मावत नाही, तो खालच्या गाडीत जातो. ही युक्ती चतुर खरी, पण ज्याने पिकवले त्याच्या झोळीत धान्यास जागाच राहू नये, ही रचना पाहून आम्हांस हसू आले नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठातही यंत्रमानव व ड्रोन यांच्या साहाय्याने डिजिटल शेती करण्याचा प्रकल्प राबविला गेला. फवारणीसारखी कामे यंत्राला साधतात. कापसाची वेचणी अवघड, कारण बोंडे एकदम फुटत नाहीत; तीन-चार वेळा रानात जावे लागते आणि फुटलेले बोंड पावसात भिजले तर भाव पडतो. खेळातील पिकलेला गहू महिनाभर उभा ठेवा, दाणा गळत नाही. कापूस तर त्या सृष्टीत नाहीच.