लेन्स घालायची आहे? आधी डोळे तपासून घ्या

स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो, "चष्मा लावून नाचता येत नाही, लेन्स घातल्या तर चालेल का?" गेल्या संमेलनात तर रंगीत लेन्सची एकच जोडी तीन मुलींनी आळीपाळीने वापरली, असे आम्हाला नंतर समजले. सुदैवाने कोणाला काही झाले नाही. पण दर वेळी दैवावर विसंबून राहणे बरे नव्हे, म्हणून हा लेखप्रपंच.

विद्यार्थी मित्रांनो, चष्म्याचा नंबर माहीत आहे एवढ्यावर लेन्स विकत घेता येत नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असते. लेन्स मात्र बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर, अश्रूंच्या पातळ थरावर तरंगते. त्यामुळे नंबर साधारण ४ च्या पुढे असेल, तर लेन्सचा नंबर चष्म्यापेक्षा वेगळा निघतो. शिवाय प्रत्येकाच्या पारपटलाचा गोलवाही निराळा असतो.

पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंवाटे मिळतो. लेन्स घट्ट बसली किंवा ती घालून झोपलो, की हा पुरवठा कमी पडतो आणि जंतूंना वाट मिळते. बिननंबरी रंगीत लेन्सलाही हेच लागू आहे.

लेन्सची तपासणी म्हणजे काय, ते आता पाहू. प्रथम चष्म्याचा नंबर काढतात. मग यंत्राने पारपटलाचा गोलवा मोजतात. स्लिट लॅम्प नावाच्या सूक्ष्मदर्शकातून डोळा व पापणीची आतली बाजू पाहतात. अश्रू पुरेसे आहेत का, हेही बघतात. त्यानंतर चाचणीची लेन्स घालून पंधरा-वीस मिनिटे बसवून ठेवतात. पापणी मिटली की लेन्स किंचित हलली पाहिजे. अजिबात हलली नाही तर ती घट्ट, फार सरकली तर सैल. शेवटी लेन्स घालणे-काढणे शिकवतात आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावतात. ही दुसरी भेट चुकवू नये. स्वतःच्या हाताने लेन्स काढता येईपर्यंत ती घरी नेऊ नये, असे आम्हाला वाटते. पुढे वर्षातून एकदा तपासणी करावीच.

घालण्यापूर्वी हात साबणाने धुऊन स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करावेत. लेन्स बोटावर ठेवून पाहावी. कडा वाटीसारख्या सरळ असतील तर बाजू बरोबर. बशीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर लेन्स उलटी आहे. नेहमी एकाच डोळ्यापासून सुरुवात केली म्हणजे डाव्या-उजव्याची अदलाबदल होत नाही. मेकअप लेन्स घातल्यानंतर करावा आणि उतरवताना आधी लेन्स काढावी. लेन्स डोळ्याच्या मागे जाईल ही भीती मात्र निराधार आहे. तिथे नैसर्गिक पडदा असल्यामुळे ती मागे जाऊच शकत नाही.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की लेन्सला पाणी लागू देऊ नये. नळाचे नाही, फिल्टरचे नाही, उकळलेलेही नाही. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. त्याच्या संसर्गाने दृष्टी जाऊ शकते आणि उपचार महिनोन्महिने चालतात. म्हणून अंघोळ व पोहणे लेन्स काढूनच. रोज रात्री लेन्स तळहातावर घेऊन सोल्युशनने हलकेच चोळावी, धुवावी आणि डबीत ताजे सोल्युशन भरावे. कालच्यात आजचे मिसळू नये. डबी दर तीन महिन्यांनी बदलावी. एकदाच वापरून टाकायच्या लेन्स घेतल्या तर ही कटकट वाचते, पण खर्च वाढतो. पालकांनी हा हिशेब आधीच करून ठेवावा.

आपण इंदूरची मंडळी. रंगपंचमीला गेर पाहायला राजवाड्याकडे जायचे तर त्या दिवशी लेन्स घरी ठेवा आणि जुना चष्मा लावा. रंग लेन्सला चिकटून डोळ्यातच राहतो. दिवाळीत फटाके उडवतानाही चष्माच बरा.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसवेना किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स लगेच काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. लेन्स व डबी फेकू नये, सोबत न्यावी. तपासणीला उपयोगी पडते. घरातले उरलेले थेंब आपल्या मनाने घालू नयेत. कपाटात एक चष्मा कायम तयार असावा, म्हणजे लेन्स काढायला मन कचरत नाही.

विश्वस्त मंडळाला आमची एक विनंती आहे. रंगमंचामागील खोलीत बेसिन, साबण आणि चांगला आरसा यांची सोय संमेलनापूर्वी व्हावी. आणि मुलींनो, मैत्रिणीला आपली बांगडी द्या, गजरा द्या, पण लेन्स देऊ नका. चष्मा लावून नाचणाऱ्या मुलीलाही आपल्या सभागृहात तितक्याच जोरात टाळ्या पडतील, याची हमी आम्ही देतो.